दोन पिना आणि एकोणीस सकाळी

त्या सकाळी मी दूध तापवलं, चादरी भिजवल्या आणि ह्यांच्या संगणकाचं टेबल पुसलं. मागच्या वायरी काढून धूळ झटकली, पुन्हा खोचल्या... माफ करा, आधी रीत पाळते. माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील मान्यवर, वाचनालयाचे सभासद बंधुभगिनींनो आणि आज निवृत्त होणारे आमचे संगणकवाले भाऊजी, सर्वांना नमस्कार.

माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं ह्या वाचनालयानं शिकवलं. तेव्हा भाषणात अलंकार शोधू नका.

माझे यजमान दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायचे. शेवटचं पुस्तक एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी मागितलं होतं. आजारपणात, रोज सकाळी थोडं थोडं, ह्यांनी ते एकोणीस दिवसांत पुरं केलं. वाचताना नजर पुस्तकात, आणि पूर्ण होईपर्यंत ऐकायचं नाही, हा त्यांचा नेम. ऐकायच्या आधीच गेले. मी संगणक लावला, तर आवाजच नाही.

भाऊजी तीन रविवार आले.

"वहिनी, ह्या संगणकाला चालवणारं हे लिनक्स आहे. रुसतं, पण कारण सांगतं."

"मग ह्यांच्यापेक्षा बरं," मी म्हटलं.

आवाज बंद केलेला होता, तो उघडला. स्पीकरऐवजी पडद्याकडे जात होता, तो वळवला. ध्वनीची यंत्रणा पुन्हा चालू केली. काही नाही. तिसऱ्या रविवारी त्यांनी टेबलच पुढे ओढलं. स्पीकरची पिन माइकच्या भोकात, माइकची स्पीकरच्या.

पिना बदलल्या. चाचणीचा आवाज खणखणीत आला. मग पुस्तक लावलं. पडद्यावर आवाजाच्या लाटांऐवजी सरळ रेघ. एकोणीस फायली, एकोणीस रेघा.

"आवाज वाढवा ना, भाऊजी."

"वाढवायला आत काहीतरी लागतं, वहिनी. पहिल्या फायलीपासून माइक चुकीच्या जागी आहे."

मी टेबल पुसलं ते पहिल्या वाचनाच्या आदल्याच दिवशी. हे कुणाला सांगायचं? भाऊजींना सांगितलं. दुसरा कुणी 'चालायचंच' म्हणाला असता. ते मात्र चहा गार होऊन गेला तरी शेजारी बसून राहिले. भाऊजी, त्याचे आभार त्या दिवशी राहिले, ते आज मानते.

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण ऐकून घेतलंत. अधिकउणं बोलले असेन तर पोटात घाला.

हो, एक राहिलं. त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी मी त्या शिक्षिकाबाईंना फोन केला. पुस्तक येणार नाही, म्हटलं. का, तेही सांगितलं.