जाधवकाका आणि माऊसचं चाक

आमच्या शेजारच्या जाधवकाकांचा माणसांवर भरवसा नव्हता हे ठीक, पण त्यांचा माऊसवरही नव्हता.

दुष्काळाचं वर्ष. बीड बायपासच्या पलीकडं आमची नवी कॉलनी, नळ अजून पोचलेला नव्हता. यादीत नाव असेल त्यालाच टँकर. ती यादी सोसायटीच्या सेक्रेटरी शिंदेमॅडम ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर ठेवायच्या. त्यात विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स मीच बसवून दिलेलं, त्यामुळं यादी लिहायच्या एडिटरमध्ये माऊसचं चाक फिरवलं तरी यादी हलत नाय, हेही माझ्याच माथी आलं.

"वरचीच नावं दिसायलीत," काका म्हणाले. "आमचं खाली दाबून ठेवलं काय?"

मी सेटिंगमध्ये एक ओळ टाकली आणि चाक चालू झालं. तरी काका दिवसाआड हजर. "दाखवा माझं नाव." मॅडम त्यांच्या नावावरून माऊस ओढून ते निळं करून दाखवायच्या, मग चाक फिरवून पुढं जायच्या.

आठवड्यात बोंब उठली. यादीत एकच नाव पाचदा!

काका सगळ्यांच्या पुढं. "मी म्हणत नव्हतो? कुणाचंय?"

"तुमचंच," मॅडम म्हणाल्या.

लिनक्समध्ये चाक फिरवताना दाबलं गेलं, की निळं केलेलं नाव तिथं पुन्हा उमटतं. मॅडमचं बोट जड. काका खात्री करायला येत गेले अन् यादीत वाढत गेले.

सगळे लई हसले. काकांनी मात्र यादी नीट वाचली, मग माझ्याकडं रोखून बघितलं.

"नावं पाच, टँकर एकच आला. बाकीचे चार कुठं गेले?"