सताप आणि साडेचार बोटं

हात मागे घ्या. तसा नाही — पूर्ण मागे, पाठीशी. हां. रागावू नका, पण गच्चीवर येणारा प्रत्येक माणूस पहिल्यांदा हेच करतो — पान दिसलं की चुरगाळायचं आणि नाकाला लावायचं. कोथिंबीर आहे का ती? सताप आहे. वास इथूनही येतोय की, वासाला कोण अडवतंय? खालची पाटी वाचूनच आलात ना तुम्ही — सतापाचं रोप देणे आहे, नियम ऐकून घेणाऱ्यासच? मग ऐका. तुमचं काय असेल ते नंतर. त्या पालथ्या बादलीवर बसा — जरा डावीकडं, उजवी कड चिरलीय. पिशवी खाली ठेवा. बरं, राहू द्या मांडीवर, तुमची मर्जी.

तर मी कागदाच्या कारखान्यात एकतीस वर्षं होतो, त्यातली शेवटची एकोणीस सुरक्षा अधिकारी. आणि हे बोट बघताय ते बघा खुशाल, सगळेच बघतात आणि मग आभाळाकडं बघितल्यासारखं करतात. तर्जनी. अर्धीच आहे. कटिंग मशीननं नेली. मी सुरक्षा अधिकारी असताना नाही हो — आधी. बोट गेलं म्हणून तर अधिकारी केलं. साहेब म्हणाले, याच्याइतकं हे कुणाला पटलं असणार? आणि खरंच, एकोणीस वर्षांत दुसरं बोट जाऊ दिलं नाही मी कुणाचं. जिना उतरताना कठडा धरा म्हणून पाट्या लावल्या, त्या पाट्या पडू नयेत म्हणून खिळे दुप्पट ठोकले. म्हणजे माणूस कसाय तुमच्या लक्षात आलं असेल.

झाड सोपं आहे. लाड करायचे नाहीत, एवढंच. खत नको, भारी माती नको — निम्मी वाळू घाला, पाणी निथळून गेलं पाहिजे. बोट खुपसून बघायचं — पूर्ण बोट, माझं नाही — आत कोरडं लागलं तरच पाणी. ऊन भरपूर. थंडी सरली की छाटायचं, आणि त्याच फांद्यांतल्या चार बोटं लांबीच्या घेऊन खालची पानं काढून वाळूत खोचायच्या. लागतात. आता हे निळसर पान, ही बारीक पिवळी फुलं — बघितलं तर कुणी म्हणेल गरीब गाय आहे. पण याचा चीक. चीक अंगाला लागला तर काही होत नाही — तिथंच माणूस फसतो. काही होत नाही, काही होत नाही, आणि मग त्यावर ऊन पडलं की दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखे फोड. फोड बसतात, तपकिरी डाग मात्र महिनोन् महिने राहतो. म्हणून हातमोजे, पूर्ण बाह्या, आणि काम ऊन उतरल्यावर. चुकून लागलाच तर साबणानं धुवायचं आणि दोन दिवस ती जागा झाकून ठेवायची. डोळ्याजवळ हात न्यायचा नाही. पोटात तर मुळीच घ्यायचा नाही, कुणी काही का सांगेना. घरात कुणी गरोदर आहे? मग कुंडी मिळणार नाही. नाही ना? बरं.

लावला कशाला म्हणता? मांजरीसाठी. म्हणजे मांजरीविरुद्ध. तिसऱ्या मजल्यावर एक बाई राहतात, शाळेत भूमिती शिकवायच्या, आता रिटायर. त्यांची मांजर माझ्या कुंड्यांत — जाऊ द्या, मांजर कुंडीत काय करते ते तुम्हाला माहितीय. कुणीतरी सांगितलं, सतापाच्या वासाला मांजर फिरकत नाही. लावला. फिरकली नाही. आठव्या दिवशी बाई स्वतः वर आल्या भांडायला, की तुमच्या या झुडपामुळं माझी मांजर दिवसभर घरात बसते आणि माझ्या शब्दकोड्यावर झोपते. मी म्हटलं, कोडं दुसरीकडं सोडवा. त्या म्हणाल्या, कुठं? मी म्हटलं, इथं वर सोडवा. मी आपलं उचलली जीभ लावली टाळ्याला — आणि दुसऱ्या दिवशी बाई कोडं घेऊन हजर. बसल्या. याच बादलीवर. तेव्हा चिरलेली नव्हती. मांजर यायची थांबली आणि बाई यायला लागल्या, असं झालं ते. चौदा महिने. आडवे शब्द त्या, उभे मी.

तुम्ही मान तिरकी करून ऐकता, नाही? काही नाही, बघितल्यासारखं वाटलं कुठंतरी. हां, बोला नंतर, आधी हातमोजे. हा बघा माझा डावा. आता उजव्याची अडचण ऐका — माझं बोट अर्धं, पण मोज्याचं बोट पूर्ण. पुढचा भाग रिकामा लोंबतो. तो कात्रीत सापडतो. चार जोड असे कापलेत मी — आतलं बोट आधीच गेलेलं म्हणून बरं. आणि टोक कापलं की भोक पडतं, भोकातून चीक आत जातो, म्हणजे मोजा घालून उपयोग काय? त्या दिवशीही उजवा मोजा मी घातला नव्हता तो या तांत्रिक कारणासाठी.

कुठल्या दिवशी म्हणजे — छाटणीच्या. सकाळी छाटला मी, भर उन्हात. हो, मी. नियम माझाच, माहितीय. पण बाई संध्याकाळी मुलाशी फोनवर बोलतात, आणि सकाळी त्या म्हणाल्या मी मदत करते. आता मोज्यांचा जोड एक आणि माणसं दोन. कारखान्यात असं कुणी केलं असतं तर मी त्याला घरी पाठवलं असतं. उजवा त्यांना दिला, कात्री त्यांच्याकडं म्हणून. डावा मी घातला, फांदी धरायला. कापलेले तुकडे माझ्या उघड्या उजव्या हातात. माझ्या तळहाताला काही होत नाही, त्याचं चामडं झालंय. आणि बाईंना आला घाम. त्यांनी कात्री खाली ठेवली नाही, उघडा डावा हात नेला डोळ्याकडं — आणि त्या डाव्यानंच एवढा वेळ फांद्या बाजूला सारत होत्या त्या. मी मनगट धरलं. सुरक्षेसाठी. कुणीही धरलं असतं.

किती वेळ? हे बघा, धरलं सुरक्षेसाठी. सोडायचं — सोडायचं राहून गेलं. चहा आणला होता वर, तो गार झाला. पार साय धरली त्याच्यावर. उन्हात उभे होतो आम्ही, आणि मला एकोणीस वर्षांतला एक नियम आठवेना.

तिसऱ्या दिवशी बाईंच्या मनगटावर हात उमटला. अहो, हात. अंगठा, तीन बोटं, आणि एक अर्धं. कुणी शिक्का मारावा तसा. बाई जिन्यात भाजी घेऊन येताना तो सेक्रेटरीला दिसला. सेक्रेटरी म्हणजे कसा माणूस — लिफ्टमध्ये च्युइंगम सापडलं तर तीन मीटिंगा घेतो. त्यानं तातडीनं सभा बोलावली की इमारतीत एका ज्येष्ठ महिलेच्या मनगटावर अनोळखी हात आढळला आहे, चौकशी समिती नेमावी. आणि अध्यक्ष कुणाला करावं? ज्याला अपघातांचा अनुभव आहे त्याला. टाळ्या वाजवून केलं हो मला. कुंपणच शेत खातं म्हणतात, इथं कुंपणाला हार घालून बसवलं.

मी काय करणार? खिशात हात घालून बसलो. बाईंना विचारलं सेक्रेटरीनं, कुणी धरलं. बाई म्हणाल्या, आठवत नाही, वय झालं. त्यांना चाळीस वर्षांपूर्वीच्या मुलांचे मार्क आठवतात. मग सेक्रेटरीनं पातळ कागद ठेवून त्या डागाची आकृती काढून घेतली — बाईंनी हात टेबलावर सरळ ठेवून दिला, फळ्यावर कोन काढायचा असल्यासारखा — आणि इमारतीतल्या सगळ्या पुरुषांनी रांगेनं येऊन त्या कागदावर हात ठेवायचा. सव्वीस जण. पाणीवाला आला होता, त्याचाही ठेवून घेतला. पहिल्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर चष्मा वर करून म्हणाले, हे पहिलं बोट जरा आखूड वाटतं. हाताच्या काकणाला आरसा कशाला लागतो? सव्वीस माणसं आभाळाकडं बघायला लागली, आणि वर तर छत होतं. पण अध्यक्षांचा हात कोण तपासणार? कुणी म्हणालं असतं ना, तर मी काढला असता खिशातून. बहुतेक काढला असता.

अध्यक्षानं डाग स्वतः मोजून अहवाल द्यायचा असं ठरलं. मी पट्टी घेऊन त्यांच्या समोर बसलो. पट्टी आधी उलटीच ठेवली. तेव्हा त्या बोलल्या, अगदी हळू.

"नीट मोजा. आणि काय असेल तेच लिहा."

मी लिहिलं — सदर डाग झाडाच्या पानाच्या स्पर्शाने झाला असून आकारातील साम्य हा योगायोग समजावा. कशाशी साम्य तेही लिहिलं नाही. बाईंनी वाचलं. सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दाराला कुलूप. मुलाकडं गेल्या म्हणतात, मांजरीसकट. आज वीस दिवस झाले. लाज वाटली हो मला. अजून वाटते. बोट गेलं तेव्हा मी सगळ्या कारखान्यासमोर सांगितलं होतं, चूक माझी, हात मी घातला. आणि इथं एवढंच सांगायचं होतं, की हात मी धरला. ते जमलं नाही. सभेनं ठरवलं रविवारपर्यंत गच्ची रिकामी करायची, मी हो म्हटलं. नऊ रोपं वाटली. ही शेवटची कुंडी, मूळ झाड. न्या तुम्ही. मला आता मांजर अडवायची राहिली नाही.

काय? नाही म्हणजे — रोप न्यायला नाही आलात? मग एवढा वेळ का — हो, मीच बोलू दिलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या कुलपाची किल्ली आहे तुमच्याकडं? तुम्ही — मुलगा. त्यांचा मुलगा. मान तिरकी करून. अरे देवा. आणि मी तुम्हाला मनगट, चहा, साय — सगळं सांगून बसलो. तुम्ही थांबवायचं तरी.

त्यांनी दिलंय? माझ्यासाठी? ही पिशवी मघापासून मांडीवर घेऊन बसलात ती? आणा. थांबा, हात पुसतो. हा तर माझाच मोजा. उजवा. त्यांच्याकडं राहिला होता तो. परत पाठवला म्हणजे — बरोबर आहे. परत पाठवणारच. ज्याची वस्तू त्याला. ठीक आहे. मिळाला म्हणून सांगा.

हे काय? हे बोट शिवलंय. पुढचा रिकामा भाग कापून, आत दुमडून — दोनदा टीप घातलीय. बघू. बसतोय हो. अगदी बसतोय, टोकाला सूतभरही जागा नाही. पण त्यांना माप कुठून मिळालं? मी कधी मापाला हात दिला नाही, त्या दिवसानंतर तर हात खिशातच —

मनगटावरून. स्वतःच्या मनगटावरून घेतलं माप.

तुम्ही जरा तिकडं बघा. तिकडं टाकी आहे, ती बघा.

नाही, कुंडी उचलू नका. ही देणे नाही. पाटी काढतो मी. आणि सेक्रेटरीला सांगतो, अहवालात दुरुस्ती आहे — डागाचं कारण हात, आणि हात अध्यक्षांचा. घेऊ दे अजून तीन मीटिंगा. कोण, खाली आहेत? आत्ता, तुमच्याबरोबर आल्यात? मांजर पण? मग त्यांना म्हणावं — आत्ता नको म्हणावं, ऊन आहे. ऊन उतरल्यावर या. पावणेसहानंतर. नियम आहे. बाह्या पूर्ण घालून या म्हणावं, चहा मी करतो. जा तुम्ही, जा आता, माझ्याकडं बघत उभे राहू नका.

आणि कठडा धरून उतरा.