आईचे पाय आणि खाडी

तुला सांगतो, आमच्या बोरीवलीच्या सोसायटीमागे खाडी आहे, पण वासामुळे आईने तिकडची खिडकी कित्येक वर्षं बंदच ठेवली होती. गेल्या वर्षभरात काठाचा कचरा उचलला, फरसबंदी झाली, बाकं आली. आईने खिडकी उघडली आणि म्हणाली, "मला खाली ने. पाण्यात पाय घालूचे आसत."

गेलो. पाण्यात उतरायला पायऱ्या, पण पुढे छोटं फाटक. आईने कडी काढली, तेवढ्यात वॉचमनची शिट्टी! "आजी, पलीकडे जायचं नाही."

आई भडकली. "मगे पाय खंय घालूचे? बाकड्यावर?"

तो शिट्टी हातात धरून बघतच राहिला. "आजी, तुमी खंयच्या?"

मग काय, दोघांनी मालवणीत गावच्या गप्पा काढल्या. तोही दोन वर्षांत गावी गेला नव्हता. निघताना हळूच म्हणाला, "उद्या साडेपाचाक भरती पायरेक लागता. तेवा मी चायेक गेललो आसतंय."

दुसऱ्या दिवशी तो खरंच नव्हता. आई पायरीवर बसली, पाणी घोट्यांपर्यंत आलं. बराच वेळ ती समोरच्या तिवरांकडे बघत होती.

मी विचारलं, "गावासारखं वाटतंय ना?"

"पाणी तसाच आसा रे. पण थय खाडयेपलीकडे माझा म्हायार होता. होडी दिसली की आवस दारात येऊन उभी रवायची."

आवस म्हणजे तिची आई, माझी आजी. मी म्हटलं, "काळोख पडेल. निघूया?"

"थांब रे," ती म्हणाली, "भरती उतरू दे."