ड्रायव्हर नसलेली गाडी

आमच्या जपानी साहेबांचं तुम्हाला कधी सांगितलंय का? दोन हजार तेरा-चौदाची गोष्ट. मी तिकडे आखातात, रुवीत कंपनीची गाडी चालवायचो. गुहागरला लेकीला पाठवायला एक खेळणं घेतलं होतं, गाडीचा रोबो होणारं. साहेबांनी ते सीटवर पाहिलं, हातात घेतलं आणि पटापट दुमडून त्या रोबोची गाडी केली.

"ही मूळ आमच्याकडची खेळणी. माझ्या लहानपणी आत बोटाच्या पेराएवढा ड्रायव्हर बसायचा. मग अमेरिकेवाल्यांनी ती नेली, रोबोच जिवंत केले आणि ड्रायव्हर काढून टाकला."

मी हे फोनवर लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "पप्पा, गाडी आपली आपण चालते, तर तुम्ही घरी या ना."

दुसऱ्या दिवशी किनाऱ्याने सूर शहराकडे जाताना साहेबांना ते सांगितलं. आधी ते खूप हसले. मग त्यांनी विचारलं,

"घरी जाऊन किती दिवस झाले?"

"दोन वर्षं."

"रजेचा अर्ज आण. मी सही करतो."

"आणि साहेब, तुम्ही कधी जाणार?"

"माझ्या अर्जावर सही करणारा टोकियोत बसतो," ते म्हणाले. "तो रोज संध्याकाळी घरी जातो."