गजावरची खूण

अहो, अहो — नळीत काय डोकावताय! तिचं तोंड खाली करा, जमिनीकडे — हं, असं. ठासणीची रायफल आहे ती, दुर्बीण नव्हे. घाबरलात? घाबरू नका, रिकामी आहे. रविवारची नेमबाजी रद्द झाली म्हणून भरलेली तशीच राहिली होती, आज सकाळी मी स्वतः रिकामी केली. पण तुम्हाला ते कुठे ठाऊक होतं? नव्हतं ना? मग संपलं, नापास झालात. रागावू नका, बसा. आजवर जे गिऱ्हाईक आलं ते याच खुर्चीत नापास झालं. मी काही बोलत नाही, नुसती हातात देतो आणि बघतो. एकानं खांद्याला लावून दिव्यावर नेम धरला. एकानं बायकोला फोटो काढायला लावला. माझा धाकटा तर — जाऊ दे, त्याला बंदुकीच्या दारूच्या वासानंच शिंका येतात.

मग काय करायला हवं होतं? सांगतो. नळीखाली हा गज अडकवलाय ना? तो काढायचा, नळीत सोडायचा. त्याच्यावर ही खूण कोरलीय — नळी रिकामी असली की खूण बरोबर तोंडाशी येते, भरलेली असली की चार बोटं वर राहते. आधी गज, मग बाकीचं. आहे का त्यात काही अवघड? आमच्या थोरलीला लहानपणापासून येतं. थोरली म्हणजे ही आत चहा टाकतेय ती — घुमी. घुमीच म्हणतो आम्ही तिला, तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. शिसं वितळवून गोळ्या तीच ओतते, दारू तीच मोजते, नळी तीच धुते. माझे डोळे अधू झाल्यापासून तर — म्हणजे अगदीच अधू नाहीत हो, दिसतं मला, तुमच्या शर्टाचं वरचं बटण तुटलंय तेही दिसतं — नाही तुटलेलं? बरं, नाही तर नाही.

तिला का देत नाही? तिनंही परवा हेच विचारलं. जन्मात पहिल्यांदा काहीतरी मागितलं, तेही दाराआड उभं राहून. मी हसलो. चांगला मोठ्यानं हसलो. म्हटलं, माझ्या वडिलांनी मला दिली ती काय तुझ्या भांड्यांच्या फळीवर ठेवायला? तेव्हापासून बाईसाहेब एकट्या जेवतात. जेवू दे. मी चांगला मालक मिळेपर्यंत थांबेन. आणि तुमच्यासारखे हॉटेलवाले, गल्ल्याच्या वर शोभेला टांगणारे — त्यांना तर मेलो तरी देणार नाही.

ये, ठेव चहा. — काय बघतेस? ठेव आणि जा. गज कशाला उचललास? सकाळी विचारलंस तेव्हाच सांगितलं ना, मी काढलीय गोळी, माझ्या हातानं — नळीत सोडू नकोस तो, पाहुण्यांसमोर तमाशा नको —

खूण कुठे आहे? तुम्ही सांगा हो. तिला नाही विचारलं, तुम्हाला विचारलं. वर? किती वर?

चार बोटं.

बंदुकीला ठिणगी पाडणारी टोपी लावलेली नव्हती म्हणून तुमचं डोकं जागेवर आहे. — हसतेस काय! हसत नाहीस? मग रडतेस? रडायला काय झालं, जिंकलीस ना तू? परक्या माणसासमोर बापाला आंधळा ठरवलंस. शाबास.

अहो, उठू नका. तुम्हालाच देतोय. हो, तुम्हालाच. पैसेही नकोत. नको कसं? आत्ता तर मागत होतात. तिच्याकडे काय बघताय, मालक मी आहे. टांगा गल्ल्यावर, येणारा-जाणारा बघेल.

घुमी, ही घेऊन मागे जा. आतली गोळी काढ, दारू काढ, नळी नीट धू. आणि मग भट्टी पेटव, असेल नसेल ते सगळं शिसं वितळव, आणि नळीत ओत. तोंडापर्यंत. भिंतीवरच्या बंदुकीला भोक कशाला हवंय? जा. ऐकलंस ना?

बसा हो, चहा घ्या तोवर. फार वेळ नाही लागायचा, तिचा हात बसलाय त्यात.