ओवीचे शंभर

अबुधाबीच्या ब्रिटिश शाळेत प्रायमरीच्या शेवटच्या नॅशनल टेस्टचा निकाल समजून घ्यायला पालकांची रांग लागली होती. टीचरला भेटून बाहेर आलेलं मराठी जोडपं लेकीसह शेजारीच थबकलं, तशी रांगेतल्या मृदुलाने कान टवकारले.

“म्हणजे शंभरपैकी शंभर नव्हेत?”

“अगं, स्कोअर एकशेवीसपर्यंत जातो. शंभर म्हणजे जेमतेम पास. खलास!”

“अहो, मी बिल्डिंगभर पेढे वाटलेत! पुण्यात आईंनी सत्यनारायण घातला!”

“मी ऑफिसात केक कापला, त्याचं काय?”

“ओवी, तुला माहीत होतं?”

“येस, मम्मा. टीचरने आधीच सांगितलेलं.”

“मग बोलली का नाहीस, बाई?”

“बिकॉज बाबा हग्ड मी. ही नेव्हर डज.”