सिरिलची जागा

फुटबॉल सामन्याच्या मध्यंतराला चहाच्या रांगेत माझ्यापुढे दोन म्हाताऱ्या उभ्या होत्या.

"हिल्डा, तुझा सिरिल जन्मभर क्लबचा गोलकीपर. त्याची राख त्या गोलपोस्टपुढे पसरली, तेव्हापासून तिथे आपल्यावर एकही गोल झाला नव्हता. ना लीगमध्ये, ना कपच्या सामन्यांत."

"नव्हता झाला."

"आणि आज जिंकलो की वरच्या लीगमध्ये जाणार, तर पहिल्याच हाफमध्ये तिथे दोन गोल खाल्ले. आपला गोलकीपर पोरगा म्हणतोय, उडी मारताना कुणीतरी मनगट धरलं."

"वरच्या लीगला प्लास्टिकचं गवत लागतं, बेरिल. तिथली माती उकरून ट्रकनं नेणार आहेत."

"ते सिरिलला कुठून कळणार?"

"मीच सांगितलं. रविवारी फुलं ठेवायला येते, तेव्हा सगळंच सांगते त्याला."

"बाई गं."

"तो नेहमीसारखा गप्पच होता."

"जाऊ दे. आता बाजू बदलतील. त्या गोलपोस्टमध्ये त्यांचा गोलकीपर येईल. आपण तीन मारू की."

"तिथे? सिरिल असताना?"

बेरिलने चहासाठी काढलेली नाणी पुन्हा पर्समध्ये टाकली.

"चल, चहा घरीच घेऊ."